हाताची वही

अण्णा,

तुझ्या तेराव्याला धोंडूकाका कुडपणहून डोंगर उतरून आले. मुंडासं सोडून ओटीवर ठेवलं, तांब्याभर पाणी प्यायले, तुझ्या फोटोकडे एकदा पाहिलं आणि मला विचारलं, "रेडव कुनाला देनार गो आता?"

"कुणाला नाही."

"ठेवून काय करनार? ऐकनारा गेला त्याचा."

"ऐकणारी मी होते, काका. अण्णा पाच वर्षं बहिरा होता."

"तेच म्हनतो मी," ते म्हणाले. "बहिरा होता, पन ऐकायचा तोच."

म्हाताऱ्याला त्यात काही टोचायचं नव्हतं. जेवले, पाठ टेकली, उन्हं उतरल्यावर गेले. वाक्य मात्र इथेच राहिलं. पोलादपुरात लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलताहेत. सरळ माणूस, कुणाच्या घड्याळातला चांगला भाग काढून वाईट घातला नाही, वगैरे. ते खरंच आहे. मला त्यात भर घालायची नाही. मला, तुझ्या बहिणीला, तुला एक गोष्ट सांगायची आहे. तू असताना ती सांगायला पाटीवरचे दोन शब्द पुरले असते. आता कागद लागतो आहे, आणि वाचायला तू नाहीस. म्हणूनच बहुतेक लिहायचा धीर झाला.

रशियाने आकाशात कृत्रिम चंद्र सोडला, त्या वर्षीच्या चैत्रात हे सुरू झालं. तुझ्या घड्याळ-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात एका पंधरवड्यात तीन रेडिओ आले. पहिला धोंडूकाकांचा. त्यांच्या मुलाने मुंबईहून पाठवलेला, घोंगडीत बांधून त्यांनी डोक्यावरून आणला होता.

"काय होतं ह्याला?" तू विचारलंस.

"गानं थरथरतंय. गानारा हिवतापानं उठलाय वानी."

"दिवसभर?"

"नाय रे. सकाळी बरा असतो. दिवेलागन झाली का मग."

"म्हणजे आजारी नाही, भित्रा आहे. अंधाराला घाबरतो." तू खोलून पाहिलास, सगळं ठीक होतं. तसाच परत दिला असतास, पण दुसऱ्या दिवशी पाचाडच्या हॉटेलवाल्याचा रेडिओ तीच तक्रार घेऊन आला, आणि मग महाडच्या एका डॉक्टरांचा मोठा पेटीएवढा. दुसऱ्या एखाद्या दुकानदाराने तिघांना नवे व्हॉल्व्ह घातले असते. तू संध्याकाळी तिन्ही रेडिओ टेबलावर मांडलेस आणि समुद्रापलीकडचं दक्षिणेचं एकच स्टेशन तिन्हींवर लावलंस. कार्यक्रम सुरू होण्याआधी ते स्टेशन एकच सूर बराच वेळ धरून ठेवायचं. दिवा लावून तासभर झाला असेल. तो सूर थरथरायला लागला. तिन्ही पेट्यांत. एकाच वेळी, एकाच चालीने.

माझ्या हातात वह्या तपासायला होत्या. तू माझा दंड इतक्या जोरात धरलास की लाल शाई सांडली. "तीन रेडिओ एकाच क्षणी आजारी पडत नाहीत, शांते," तू म्हणालास. "आजार वर आहे."

धोंडूकाकांनी त्यावर आपला निकाल दिला होता. चैत्रात डोंगरावर राब भाजतात. भाताचं रोप टाकायच्या जमिनीवर तोडलेल्या फांद्यांची कवळं, पालापाचोळा, शेण पसरून पेटवतात, आणि आठवडाभर खोरी धुराने भरलेली असतात. "धुरातनं येतंय गानं," काका म्हणाले. "खोकनारच."

तू हसला नाहीस. तुझी हीच गोष्ट मला तेव्हा चिडवायची आणि आता छळते. कुणी काही सांगितलं की तू ते खरं आहे का हे पाहायचास, सांगणारा कोण ते पाहायचा नाहीस. वैशाखात राब संपले, थरथर कमी झाली. काका जिंकले असं तू कबूलही केलंस. आषाढात सूर स्वच्छ होता. मग घटस्थापनेच्या सुमाराला, डोंगरावर धुराची रेघही नसताना, थरथर परत आली. कुडपणला निरोप गेला. काका बाजाराला आले तेव्हा म्हणाले, "मग भात पोटरीला आल्याचा वास असंल."

तिथून वह्या सुरू झाल्या. साडेसातला, आठला, साडेआठला, नऊला, दहा दहा मिनिटं ऐकायचं. थरथर नसेल तर शून्य. असेल तर हलकीला एक, मध्यमला दोन, शब्द कळेनासे झाले तर तीन, आणि सापडली की वही मिटायची. चार वर्षं एक संध्याकाळ चुकली नाही. मी महाडच्या शाळेत शिकवायची, तिथल्या ग्रंथालयातून तुला पुस्तकं आणून द्यायची. त्यातून तू मला समजावलंस की फार उंचावर, ढगांच्याही कितीतरी वर, उन्हाने विजेचा एक थर तयार होतो आणि दूरच्या स्टेशनची लाट त्याला आपटून खाली येते. दिवस मावळला की विषुववृत्ताच्या पट्ट्यात तो थर सपाट राहत नाही, चुलीवरच्या पेजेसारखा ढवळून निघतो. लाट त्यातून येते ती थरथरत येते. आणि दिवस-रात्र सारखी असतात त्या दिवसांत, म्हणजे आपल्या फाल्गुन-चैत्रात आणि भाद्रपद-आश्विनात, हे सगळ्यात जास्त होतं. भिंतीवर तू कोळशाने वर्षाची रेघ काढली होतीस, दोन उंचवट्यांची. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, हा कुठला डोंगर? तू म्हणायचास, "हा अजून कुणी चढला नाही."

मी तेव्हा तुझ्यावर खूश होते हे लिहून ठेवते. पुढे जे लिहायचं आहे त्यात त्याला जागा मिळणार नाही. मॅट्रिकनंतर मला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला पाठवू नये म्हणून भावकीतले चार जण ओटीवर बसले होते, तेव्हा तू त्यांच्यासमोर माझी ट्रंक उचलून एसटीच्या टपावर चढवलीस. ती ट्रंक मी अजून वापरते.

मग तुझी छाती बिघडली. सात महिने सॅनेटोरियममध्ये होतास. स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनी छाती वाचली आणि कान गेले. डॉक्टरांनी निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, या औषधांनी कुणाकुणाच्या हातापायांनाही बधिरपणा येतो, लक्ष ठेवा. मी ते पाटीवर लिहून तुला दाखवलं. चुकलंच. शिक्षिकेला वाटतं, सांगितलेलं बरं.

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी तू रेडिओ लावलास. बटण फिरवलंस, आणखी फिरवलंस, शेवटपर्यंत फिरवलंस. तो सूर घरभर घुमत होता, शेजारची पोरं दारात येऊन उभी राहिली. तू माझ्याकडे वळून विचारलंस, "बॅटरी संपली का गं?"

मी मान हलवली. नाही.

तू बटण बंद केलंस. मग वही माझ्यासमोर ठेवलीस. "आता कान तुझे."

मी पेटीला कान लावून बसायची आणि बोटं वर करायची. एक, दोन किंवा तीन. तू समोर पेन घेऊन बसायचास, डावा हात पेटीच्या लाकडावर ठेवून. जुन्या बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा, असं मला वाटायचं. बाजारात तुला नाव पडलं होतं, बहिऱ्याचा रेडिओ. तू बोलायचास ते आता ओरडून, कारण तुला तुझा आवाज कळत नव्हता. आपल्या घरात गुपित असं काही उरलं नाही. जे होतं ते पाटीवर.

त्याच वर्षी फाल्गुनात महाडच्या एका मास्तरांचं स्थळ आलं. बिजवर होते, पण माणूस वाचणारा होता. आमच्या शाळेत येऊन माझ्याकडून दोन पुस्तकं नेली होती आणि पानं न दुमडता परत केली होती. ते, त्यांचे थोरले भाऊ आणि वहिनी पोहे खायला आले. सगळं नीट चाललं होतं. तू पेटीवर हात ठेवून बसला होतास. मध्येच भर ओटीवर ओरडून म्हणालास, "हिला नेलंत तर माझे कान नेलेत म्हणून समजा!"

ते हसले. त्यांना तो विनोद वाटला. महाडला पोहोचेपर्यंत त्यांच्या वहिनींना तो विनोद वाटेनासा झाला असावा. निरोप आला की जबाबदारीच्या मुलीला अडकवणं बरं नव्हे.

मी पाटीवर लिहिलं, "कान तुझे गेले. लग्न माझं मोडलं."

तू वाचलंस. पाटी पुसलीस. आणि साऱ्या पेठेला ऐकू जाईल असं म्हणालास, "मग तुझ्यात मला कामाचं दुसरं आहे काय?"

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखं तू माझ्यासाठी बंबात पाणी तापवून ठेवलंस. मी त्या पाण्याने अंघोळ केली, पहिल्या एसटीने महाडला गेले, मुलांना कविता शिकवली. संध्याकाळी येऊन पेटीला कान लावला. चैत्र होता, थरथर भरपूर होती. मी दोन बोटं वर केली. ती खरी दोन बोटं होती.

आता आश्विनाचं सांगते.

त्या आश्विनात थरथर आली नाही. मी वाट पाहिली. साडेसातला नाही, आठला नाही, साडेआठला नाही. नऊपर्यंत तो एकच सूर ऐकायचा आणि शून्य लिहायचं. पहिले चार दिवस मी ते केलं. तुझा चेहरा रोज आणखी पडायचा. भिंतीवरचा तुझा दुसरा उंचवटा जागेवर नव्हता. पाचव्या संध्याकाळी माझ्याकडे ग्रंथालयाचं एक पुस्तक होतं. चाळीसेक पानं राहिली होती आणि सकाळी परत करायचं होतं. आठ वाजले. सूर दोरीसारखा सरळ होता. मी दोन बोटं वर केली.

तुझा चेहरा उजळला. वही मिटली. मी पुस्तक संपवलं.

पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की ती दया होती. आजारी भावाला थोडं सुख. आज इथे खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते, दया नव्हती. कंटाळा होता. आणि कंटाळ्याच्या खाली ते पोहे होते, ती ओटी होती, कामाचं दुसरं आहे काय हे होतं. तू ज्यासाठी मला ठेवून घेतलंस ते मी तुला खोटं द्यायचं ठरवलं. ठरवलं असंही नाही. बोटं वर गेली, आणि किती सोपं आहे ते कळलं.

मी हुशारीने खोटं बोलले, अण्णा. तूच शिकवलेल्या ऋतूंप्रमाणे बोलले. आषाढात शून्य. मार्गशीर्षात शून्य. फाल्गुन लागला की आठवड्यातून तीनदा एक किंवा दोन, चैत्रात चारदा, वैशाखात हळूहळू कमी. अधूनमधून शून्यही द्यायची, म्हणजे तुला संशय येऊ नये. तुझी भिंतीवरची रेघ माझ्या खोट्याने इतकी गुळगुळीत झाली की तू म्हणालास, "बघ, वर्षागणिक नियम पक्का होत चाललाय."

पुढच्या वर्षीच्या आश्विनात तू घड्याळं घेणं बंद केलंस. एकाएकी. धोंडूकाका त्यांचं खिशातलं घड्याळ घेऊन आले होते.

"हाताचा भरवसा राहिला नाही, काका," तू म्हणालास.

"खुळा का तू? शिमग्याला तूच तर काटा बसवलास. राईएवढा काटा. तो बसवनारा हात हाय ह्यो!" त्यांनी तुझा पंजा धरून मला दाखवला, जसा काही माझ्याकडेच न्याय मागत होते. तू हात सोडवून घेतलास.

मी वैतागले होते. दिवसभर घरात बसलेला, ओरडून बोलणारा माणूस, आणि आता हे. मी पाटीवर लिहिलं, "कान गेले ते कळलं. हातांना काय धाड भरली?"

तू वाचलंस. हात काखेत धरलेस, थंडीत धरतात तसे. मला वाटलं, बरी जिरली.

तू त्या वह्यांची नक्कल एका दूरच्या प्रयोगशाळेतल्या प्राध्यापकांना पाठवलीस. वर्षभराने त्यांचं पत्र आलं. सभ्य माणूस होता. लिहिलं होतं, पहिली पाच वर्षं उत्तम आहेत, एका लहानशा गावातून इतकं काटेकोर काम पाहून आश्चर्य वाटलं. पण नंतरच्या वर्षांत सूर्य शांत आहे, त्यावर डाग जवळजवळ नाहीत, आणि अशा वर्षांत ही थरथर चैत्र-आश्विनातही अगदी क्वचित दिसते. ती कशी विझत गेली याची तुमच्या भागातली नोंद मिळाली असती तर तिला मोल होतं. तुमच्या नोंदी नेमक्या उलट सांगतात. एक भाग असा असताना बाकीच्या भागावरही विसंबता येत नाही. वह्या वापरता येणार नाहीत.

तू पत्र मला दिलंस. मी वाचेपर्यंत उभा राहिलास. "ते म्हणतात, ऐकण्यात चूक आहे. तू काय म्हणतेस?"

अण्णा, तेव्हा दार उघडं होतं. तू चिडलेला नव्हतास. नुसतं विचारत होतास, धोंडूकाकांचा धूर तपासला होतास तसं. मी पाटी घेतली आणि लिहिलं, "माझे कान शाबूत आहेत."

तू मान डोलावलीस. मग स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलंस, एकदा उजव्या, एकदा डाव्या. मला वाटलं, राग आवरतो आहे. त्या रात्री तू प्राध्यापकांना उत्तर लिहिलंस आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडेच दिलंस. "माझी बहीण शिक्षिका आहे. ती खोटं सांगत नाही. चूक असलीच तर ती आपल्या सूर्याकडे शोधावी." मी त्यात एक वेलांटी दुरुस्त केली आणि पाकीट चिकटवलं. उत्तर आलं नाही.

गेल्या माघात दुखणं उलटलं. तुझं अंथरूण घड्याळांच्या हत्यारांच्या खणाला लागूनच होतं; शेवटच्या संध्याकाळी तू पेटीही उशाशी आणायला लावलीस. स्टेशन लावलं. तू हात त्यावर ठेवलास आणि विचारलंस, "आहे?" माघ तुझ्या थरथरीचा महिना नव्हता, आणि खरंच सूर सरळ होता. मी मान हलवली, नाही. तू हसलास. "मग जुळलं," म्हणालास. मला वाटलं, ग्लानीत आहेस. पहाटे गेलास.

तेराव्यानंतर तुझा घड्याळांच्या हत्यारांचा खण उघडला. चिमटे, भिंग, केसाएवढ्या बारीक स्प्रिंगांची, म्हणजे केसकमानींची, डबी, आणि खाली एक पाठकोरी वही. वर तुझ्या अक्षरात: हाताची वही.

पहिली नोंद ओटीवरच्या पोह्यांनंतर आठ दिवसांची आहे. तुझे शब्द तुलाच वाचून दाखवते.

"चैत्र शुद्ध द्वितीया. पेटीवर बोटं ठेवली. सूर सरळ असतो तेव्हा मुंगी चालल्यासारखं लागतं. थरथर असते तेव्हा मुंगी थांबते, चालते, थांबते. हाताला आहे. शांताला आहे, दोन."

"चैत्र शुद्ध षष्ठी. शांताने बोट वर करण्याआधी मला कळलं. हाताला आहे. शांताला आहे."

"चैत्र वद्य दशमी. तीन आठवडे ताडून पाहिलं, दोनच दिवस जुळलं नाही. हात ऐकतो. आश्विनात पुन्हा जुळलं की नक्की. तोवर शांताला सांगायचं नाही, उगाच आशा नको. जुळलं की महाडला मास्तरांकडे स्वतः जायचं आणि पाय धरायचे. मी बोललो ते वाईट बोललो. तिला मोकळी करायची."

मी हे हत्यारांच्या खणासमोर जमिनीवर बसून वाचलं. पुढचं पान उलटायला मला किती वेळ लागला ते माहीत नाही. कारण पुढे आश्विन होता, आणि आश्विनात मी काय केलं ते मला माहीत होतं. तुला नव्हतं.

"आश्विन शुद्ध तृतीया. हाताला नाही. शांताला नाही."

"आश्विन शुद्ध पंचमी. हाताला नाही. शांताला आहे, दोन."

"सप्तमी. हाताला नाही. शांताला आहे."

"दसरा. हाताला नाही. शांताला आहे. डावा लावला, उजवा लावला. डॉक्टर म्हणाले होते तो बधिरपणा हाच असावा."

"वद्य चतुर्थी. बोटात सुई टोचून पाहिली. दुखतं. मग हे का लागत नाही?"

"वद्य एकादशी. महाडला जाणं नको. कानही नाहीत, हातही नाहीत. ती गेली तर काम बंद."

अशी साडेचार वर्षं, अण्णा. एका वर्षीच्या आश्विनात, "केसकमान धरताना हात परका वाटला. घड्याळं बंद करावी. लोकांच्या वस्तूचं नुकसान नको." त्याच पानावर खाली, "शांताने विचारलं, हातांना काय धाड भरली. तिला सांगू नये. आधीच माझं पुष्कळ करते." पत्र आलं त्या दिवशी, "शांताचे कान शाबूत आहेत असं ती म्हणते. ती म्हणते म्हणजे आहेत." आणि गेल्या आश्विनात एकदा, शाई फराटलेली, "आज हाताला लागली! शांतालाही आहे. हात परत येतोय का?" त्या दिवशी बहुतेक ती खरंच आली होती आणि मी नेमकी ऐकत नव्हते, बोट सवयीने वर गेलं होतं. दुसऱ्या दिवशी, "नाही. कालचा भास."

शेवटची नोंद माघातली, अक्षर वाकडं: "हाताला नाही. शांताला नाही. जुळलं."

एवढा एक अर्थ आधी कळला नव्हता, तो कळला.

तू मला कामापुरतं ठेवलंस म्हणून मी तुला फसवलं, आणि तू तर मला सोडायच्या तयारीत होतास. मी ते दार ज्या बोटांनी लावलं, त्याच बोटांनी तुझे हात तोडले. मी लहानपणापासून पुस्तकं वाचते. त्यात असं कुणी केलेलं मी वाचलं असतं तर म्हटलं असतं, हे रचलेलं आहे, माणसं इतकी वाईट नसतात.

प्राध्यापकांना हवी होती ती वही हीच. थरथर कशी विझत गेली त्याची आपल्या खोऱ्यातली खरी नोंद, चिमटा धरणाऱ्या बोटांनी केलेली. मी ती त्यांच्याकडे पाठवली आहे. सोबत लिहिलं, "कानांची वही अमुक आश्विनापासून खोटी आहे, ती मी खोटी केली. हाताची वही माझ्या भावाची आहे. ती खरी आहे. तो बहिरा होता." या वेळी शुद्धलेखन तपासलं नाही. ते वापरतील की नाही माहीत नाही. एकदा खोटं निघालेल्या घरातून आलेली वही आहे, त्यांनी टाकून दिली तर मला बोलायला तोंड नाही.

वही पाठवण्याआधी तिच्यात मी एक नोंद केली. त्याबद्दल तुझी परवानगी घ्यायची राहिली.

फाल्गुन वद्यातली संध्याकाळ होती. कुडपणच्या बाजूला राब पेटले होते, धूर थेट पोलादपुरापर्यंत उतरला होता. मी पेटी लावली. आठ वाजता सूर थरथरायला लागला. खरा. सूर्य जागा होतो आहे म्हणे. तुझ्या पहिल्या वर्षासारखी, तिन्ही पेट्यांतल्यासारखी ती आली होती, आणि तुला जाऊन पुरता महिनाही झाला नव्हता.

मी माझ्या कानांवर विसंबले नाही. कानांत कापसाचे बोळे घातले, वर पदर बांधला, आणि तू ठेवायचास तिथे, लाकडावर, डाव्या हाताची बोटं ठेवली. माझी बोटं खडूची आहेत, घड्याळांची नाहीत. बराच वेळ काही कळलं नाही. मग मुंगी चालली. थांबली. चालली. थांबली.

वही उघडून तुझ्या रकान्यात लिहिलं, "हाताला लागते."